घराबाहेरील जुनी तार : सुरक्षित की धोक्याची?

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख लिहावा अशी सूचना आली, तेव्हा प्रथम वसतिगृहातील आठवणी लिहाव्यात असे मनात आले. परंतु त्या माझ्यापेक्षा चांगल्या रीतीने लिहिणारे अनेक माजी विद्यार्थी या अंकात आहेत. मी व्यवसायाने तारतंत्री आहे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हा व्यवसाय शिकलो आणि तेव्हापासून घरे, गोठे, दुकाने, समाजमंदिरे यांच्या वीजजोडणीचे काम करीत आलो. ज्या विषयात माझ्याजवळ देण्यासारखे काही आहे, तोच विषय येथे मांडतो.

आमच्या कामात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. अंगणातून न्हाणीकडे, गोठ्याकडे किंवा विहिरीवरच्या पंपाकडे गेलेली तार बोटाने दाखवून घरमालक म्हणतात, “ही तार जुनी झाली आहे खरी, पण अजून किती दिवस चालेल?” या प्रश्नामागे पैशाची अडचण असते आणि ती खरी असते. म्हणून “सगळे बदलून टाका” हे सरसकट उत्तर जसे योग्य नाही, तसेच “इतकी वर्षे काही झाले नाही, पुढेही होणार नाही” हेही योग्य नाही. तारेची स्थिती पाहून निर्णय कसा घ्यावा, हे सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

एक प्रसंग

हा विषय मी पुस्तकातून शिकलो, पण तो पटला माझ्याच घरात घडलेल्या एका प्रसंगाने. गावी आमच्या घराची न्हाणी परसात, घरापासून सुमारे वीस फुटांवर आहे. लोखंडी खांब आणि वर पत्रा, असे तिचे स्वरूप. पडवीतून न्हाणीतल्या दिव्यापर्यंत एक लोखंडी तार ताणून तिच्या आधाराने वीजवाहक केबल नेलेली होती. त्याच लोखंडी तारेवर आई कपडे वाळत घालीत असे. गावातील अनेक घरांत अशीच सोय असल्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

मी नुकताच परीक्षा उत्तीर्ण होऊन दिवाळीला घरी गेलो होतो. आई म्हणाली, “या वायरीचं कव्हर पांढरं पडलंय, बघ रे जरा.” मी लोखंडी तारेला आणि पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. “दोन-तीन वर्षं तरी काही होत नाही,” असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. नव्या प्रमाणपत्राचा तो आत्मविश्वास होता.

पुढच्या जून महिन्यात पाऊस लागला. न्हाणीच्या खांबाला साखळीने बांधलेली शेळी एका पहाटे मरून पडलेली आढळली. तिला पान लागले असावे, असे सर्वांना वाटले. दोन दिवसांनी, पावसाने उघडीप दिली असताना, आईने मला फोन केला. “न्हाणीच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतंय,” ती म्हणाली. तिच्या पायांत जाड रबरी चपला होत्या. मी तिला त्या क्षणी मेन स्विच पाडायला सांगितले, कोणीही परसात जाऊ नये असे बजावले आणि रात्रीच्या गाडीने निघालो.

दुसऱ्या दिवशी जे आढळले ते असे. पत्र्याच्या कडेवरून केबल जेथे आत वळत होती, तेथे वाऱ्याने ती सतत घासली जाऊन बाहेरचे आवरण फाटले होते. आतील फेजच्या तारेचे आवरण उन्हाने कडक होऊन तडकले होते आणि गव्हाच्या दाण्याएवढे तांबे उघडे पडले होते. कोरड्या हवेत तांबे आणि पत्रा यांच्यामध्ये किंचित अंतर राहत होते. पावसात ते अंतर पाण्याने भरून निघत होते आणि पत्रा, खांब, साखळी, कपड्यांची तार हे सारे विद्युतभारित होत होते. दिवाळीत मी केलेली चाचणी त्या कोरड्या दिवसापुरती खरी होती. तिच्यावरून मी पावसाळ्याचा निष्कर्ष काढला, ही माझी चूक. त्या न्हाणीत रोज सकाळी माझी धाकटी बहीण आंघोळ करीत होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

आवरण का बिघडते?

घरगुती तारेवर असलेले आवरण बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकचे असते. मूळचे पीव्हीसी कडक असते. ते लवचीक व्हावे म्हणून त्यात काही मऊकारक द्रव्ये मिसळतात. उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिकचे रेणू तुटतात आणि उष्णतेने मऊकारक द्रव्ये हळूहळू निघून जातात. त्यामुळे रंग उडतो, पृष्ठभागावर खडूसारखी पांढरी भुकटी दिसू लागते, आवरण आकसते व कडक होते आणि शेवटी त्याला तडे जातात. काळ्या रंगाच्या केबलमध्ये कार्बनची बारीक पूड मिसळलेली असल्यास ती हे किरण शोषून घेते. म्हणूनच घराबाहेरील केबली बहुधा काळ्या असतात.

सामान्य पीव्हीसी आवरणाची तार सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत वापरण्यासाठी बनविलेली असते. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याला टेकलेली तार आधीच तापलेली असते. तिच्यातून पंपाचा किंवा गिझरचा मोठा प्रवाह गेला, तर मर्यादा जवळ येते. याशिवाय वाऱ्याने होणारे घर्षण, उंदीर व खारी यांचे कुरतडणे, खिळ्यांनी ठोकून केलेली बांधणी आणि कोकणपट्टीतील खारी हवा ही झिजण्याची आणखी कारणे होत.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. भिंतीतील पाइपमध्ये ओढण्याची जी सुटी तार असते, तिच्या तांब्यावर आवरणाचा एकच थर असतो. घराबाहेर वापरण्याच्या केबलमध्ये प्रत्येक तारेचे स्वतंत्र आवरण आणि त्या सर्वांवर आणखी एक जाड आवरण असे दोन थर असतात. एकेरी आवरणाची तार उघड्यावर टाकलेली असेल, तर पहिला तडाच तांब्यापर्यंत पोहोचतो. दोन तारांना पीळ देऊन बनविलेली वायर तर बाहेरच्या कायम जोडणीसाठी नाहीच. अशी तार नवी दिसत असली, तरी तिची जागा चुकीची आहे असे समजावे.

एमसीबी पडली नाही, म्हणजे सारे ठीक?

हा फार मोठा गैरसमज आहे. आपल्या घरी येणारा विद्युत दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या शरीराचा विद्युतरोध सुमारे १००० ओहम धरला, तर अंगातून जाणारा प्रवाह २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर अथवा २३० मिलिअँपिअर होईल. माणसाला सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह जाणवतो. १० ते १५ मिलिअँपिअर प्रवाहाने स्नायू आखडून हाताची पकड सुटत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह चालू राहिल्यास श्वासोच्छ्वास व हृदय यांना धोका निर्माण होतो.

आता १६ अँपिअरच्या एमसीबीचा विचार करा. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून जाणारे २३० मिलिअँपिअर तिच्या हिशेबी नगण्य असतात. एमसीबी आणि फ्यूज यांचे काम जादा भार व शॉर्टसर्किट यांपासून तारेचे रक्षण करणे हे आहे. आमच्या न्हाणीचा फ्यूज वितळला नाही, यात फ्यूजचा काहीच दोष नव्हता.

माणसाच्या रक्षणासाठी आरसीसीबी हे वेगळे उपकरण लागते. फेजमधून जितका प्रवाह जातो तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. त्यात फरक पडला, म्हणजे काही प्रवाह भलत्याच मार्गाने, पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून, जमिनीत जात आहे. हा फरक ओळखून आरसीसीबी क्षणार्धात वीज तोडते. घरासाठी ती ३० मिलिअँपिअर क्षमतेची असावी. मात्र ती तारेचे जादा भारापासून रक्षण करीत नाही. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही हव्यात. तसेच एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्या माणसाला ती वाचवू शकत नाही, कारण तेथे फरकच पडत नाही.

पाहणी कशी करावी?

पाहणी भरपूर उजेडात आणि कोरड्या दिवशी करावी. प्रथम मेन स्विच बंद करावा आणि तो कोणी चालू करू नये म्हणून घरातील एका मोठ्या माणसाला तेथे उभे करावे. मेन स्विच बंद केला तरी खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर जिवंतच असते, हे विसरू नये. तिला हात लावू नये, काठीने हलवू नये, तिच्यावर पट्टीही गुंडाळू नये. ती झिजलेली दिसली, तर वीज वितरण कंपनीला कळवावे. त्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे. मीटरच्या पुढील तारांची जबाबदारी आपली असते.

शिडी लाकडी वापरावी, ॲल्युमिनिअमची नको. तारेजवळ जाण्यापूर्वी दुरूनच तिचा संपूर्ण मार्ग पाहावा आणि पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

पहिला प्रश्न : तार कशाकशाला टेकते? पत्र्याची कड, लोखंडी खिडकी, पन्हळ, झाडाची फांदी, कपडे वाळविण्याची तार यांपैकी कशालाही ती टेकत असेल, तर ती जागा प्रथम तपासावी. तार बहुधा मधोमध बिघडत नाही. ती वळणावर आणि टेकलेल्या ठिकाणी बिघडते.

दुसरा प्रश्न : जोड किती आणि कोठे आहेत? उघड्यावर पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड हा बाहेरच्या वायरिंगमधील सर्वांत दुबळा भाग होय. उन्हाने पट्टीचा चिकटपणा जातो आणि पावसाचे पाणी आत शिरून तेथेच साठते. तांबे आणि ॲल्युमिनिअम यांचा थेट जोड ओलाव्यात अधिकच लवकर खराब होतो.

तिसरा प्रश्न : पाणी कोठून आत शिरेल? तार वरून खाली उतरत थेट पेटीत किंवा दिव्यात शिरत असेल, तर पाणी तिच्या अंगावरून ओघळत आत जाते. शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिलेला असावा, म्हणजे थेंब त्या झोळावरून जमिनीवर पडतात. पेटीला झाकण व रबरी पट्टी आहे का आणि केबल खालच्या बाजूने शिरते का, हेही पाहावे.

चौथा प्रश्न : उष्णतेच्या खुणा आहेत का? प्लग, होल्डर किंवा जोड यांच्याजवळ तपकिरी डाग, वितळलेले प्लास्टिक, जळका वास असेल, तर तेथे जोड सैल आहे. सैल जोडाचा रोध अवघा अर्धा ओहम असला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या नियमाने तेथे ५० वॅट उष्णता निर्माण होते. एवढ्याशा जागेत ती आग लावण्यास पुरेशी आहे.

पाचवा प्रश्न : अर्थची तार शेवटपर्यंत गेली आहे का? अनेक घरांत बाहेर फक्त दोनच तारा नेलेल्या असतात आणि पंपाचे लोखंडी अंग भूयोजनाविना राहते. नळाच्या पाइपाला अर्थ जोडण्याची जुनी पद्धत आता निरुपयोगी ठरते, कारण बहुतेक नळ प्लास्टिकचे झाले आहेत.

काय दिसले म्हणजे काय करावे?

पाहणीत आढळलेल्या स्थितीचे चार टप्पे करता येतात.

पहिला टप्पा : रंग उडाला आहे, परंतु आवरण लवचीक व अखंड आहे. रंग उडणे हे वयाचे लक्षण आहे, तेवढ्यावरून तार टाकून देण्याचे कारण नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासणी करावी आणि घर्षणाच्या जागा दूर कराव्यात.

दुसरा टप्पा : आवरण कडक झाले आहे किंवा दुहेरी केबलच्या बाहेरील थराला तडे गेले आहेत. वीज बंद असताना तारेचे सुटे टोक हळूच बोटाभोवती वाकवून पाहावे. तडा गेला, तर तितकेच ऊन खाल्लेली संपूर्ण लांबी तशीच झाली आहे असे धरावे. आतील थर अजून शाबूत असेल, पण आता त्याच्यापर्यंत ऊन आणि पाणी पोहोचू लागले आहे. ही तार येत्या पावसाळ्यापूर्वी बदलावी. जुन्या लाकडी पट्टीवरील रबरी आवरणाची तार असेल, तर मात्र ती वाकवून पाहू नये. ते रबर हाताच्या स्पर्शाने भुगा होऊन गळते. अशी तार दिसताच बदलण्याचे ठरवावे.

तिसरा टप्पा : आतील आवरण तडकले आहे, तांबे दिसते, तांब्यावर हिरवट कळंक चढला आहे, उघड्यावर चिकटपट्टीचे जोड आहेत किंवा जळाल्याच्या खुणा आहेत. हा भाग त्याच दिवशी मुख्य पुरवठ्यापासून तोडावा आणि बदलेपर्यंत चालू करू नये. पट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. दिसलेल्या एका तड्यावर पट्टी लावली, तरी न दिसलेले दहा तडे तसेच राहतात.

चौथा टप्पा : पत्रा, नळ, पंप, कपड्यांची तार किंवा ओली भिंत यांना हात लावल्यावर मुंग्या येतात. येथे पाहणी करीत बसू नये. मेन स्विच पाडावा, सर्वांना दूर ठेवावे आणि परवानाधारक तारतंत्र्याला बोलवावे. “थोडासा करंट येतो” असे आपण सहज म्हणतो. तो थोडासा वाटतो, कारण त्या वेळी पाय कोरडे असतात किंवा पायांत चप्पल असते. उद्या अनवाणी ओल्या पायांनी तोच पत्रा कोणी धरला, तर तो थोडासा राहणार नाही.

टेस्टर आणि मेगर

टेस्टर हे उपयोगी साधन आहे, पण त्याच्या मर्यादा माहीत असाव्यात. ज्या क्षणी आणि ज्या जागी तो लावला, तेथे विद्युत दाब आहे का, एवढेच तो सांगतो. प्रखर उन्हात त्याचा दिवा दिसत नाही. आवरण चांगले की वाईट, अर्थ आहे की नाही, हे तो सांगू शकत नाही. न्यूट्रल तुटलेली असेल, तर दिवा बंद राहतो आणि लोक वीज नाही असे समजतात, परंतु फेज तेथे हजर असते. त्याचप्रमाणे स्विच चुकून न्यूट्रलवर बसविलेला असल्यास स्विच बंद करूनही बाहेरच्या दिव्याची तार जिवंत राहते. म्हणून दिव्याचा स्विच बंद करून काम करू नये. मेन स्विचच बंद करावा.

आवरणाची खरी परीक्षा मेगर या उपकरणाने होते. पुरवठा तोडून, सर्व दिवे व उपकरणे सोडवून, फेज व अर्थ, न्यूट्रल व अर्थ आणि फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन रोध मोजतात. तो निदान १ मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम असावा. नवी, निर्दोष तार याच्या कितीतरी पट अधिक वाचन देते. म्हणून वाचन १ मेगओहमच्या जरासे वर असले, तर समाधान मानू नये. तार घसरणीला लागली आहे असे समजावे. शक्य असल्यास ही चाचणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पाऊस सुरू झाल्यावर करून दोन्ही आकडे मीटरच्या पेटीच्या आतील बाजूस लिहून ठेवावेत. माझ्या दिवाळीतल्या चाचणीत जे राहून गेले, ते या दोन आकड्यांतील फरकातून दिसले असते.

आरसीसीबीवर चाचणीचे एक बटण असते. ते तीन महिन्यांतून एकदा तरी दाबावे. दाबताच वीज गेली पाहिजे. न गेल्यास आरसीसीबी बदलावी. मात्र या बटणाने केवळ त्या उपकरणाची यंत्रणा तपासली जाते; अर्थिंग चांगले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. अर्थिंगचा रोध वेगळ्या उपकरणाने मोजावा लागतो आणि उन्हाळ्यात अर्थच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते.

बदलताना घ्यावयाची काळजी

बाहेरची तार बदलायची म्हणजे साऱ्या घराचे वायरिंग उकलायचे, असे नाही. बहुतेक घरांत हा भाग वीस-तीस फुटांचाच असतो. तेवढ्यापुरता खर्च करणे बहुतेकांना शक्य असते. नव्या कामात पुढील गोष्टींचा आग्रह धरावा.

केबल दुहेरी आवरणाची, बाहेरच्या वापरासाठी बनविलेली आणि भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेली असावी. फेज, न्यूट्रल व अर्थ अशा तिन्ही तारा तिच्यात असाव्यात. केवळ दिव्यासाठी १.५ चौरस मिलिमीटर आणि सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार सामान्यतः पुरते. पंपासाठी त्याची क्षमता व अंतर पाहून ठरवावे. मध्ये जोड देऊ नये. जोड अटळच असेल, तर तो पाणी न शिरणाऱ्या बंद पेटीत, स्क्रूच्या जोडणीने द्यावा. पत्र्याच्या किंवा भिंतीच्या कडेवरून जाताना केबल प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यातून न्यावी. बाहेरच्या साऱ्या जोडण्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे असाव्यात. आणि कपडे वाळविण्यासाठी नायलॉनची दोरी बांधावी, तीही वीजतारेपासून दूर. ही दोरी अगदी स्वस्त पडते. इतक्या स्वस्तात इतका मोठा धोका टळण्याची उदाहरणे फार नाहीत.

जयंती, लग्न, गृहप्रवेश अशा प्रसंगी लावण्यात येणाऱ्या रोषणाईलाही हेच नियम लागू आहेत. माळा पत्र्यावर, लोखंडी मांडवावर किंवा ध्वजाच्या लोखंडी खांबावर थेट गुंडाळू नयेत. मागील वर्षीच्या माळा पेटीतून काढल्यावर प्रत्येक हात तपासूनच लावाव्यात. जोड जमिनीवर, लहान मुलांच्या पायाखाली राहू देऊ नयेत. खांबावर आकडा टाकून तर वीज मुळीच घेऊ नये. समारंभ संपताच माळा उतरवाव्यात. दोन दिवसांसाठी लावलेली तार दोन वर्षे तशीच राहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

कोणाला धक्का बसलाच तर

प्रथम मेन स्विच बंद करावा. धक्का बसलेल्या माणसाला तोवर हात लावू नये. वाचवायला गेलेला दुसराही सापडतो. स्विच जवळ नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावी. मीटरच्या अलीकडची किंवा खांबावरची तार तुटून पडली असल्यास हेही करू नये. दूर राहून वीज कंपनीला कळवावे. माणूस वेगळा झाल्यावर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. शुद्धीवर आलेल्यालाही डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे, कारण हृदयावरील परिणाम बाहेरून दिसत नाही.

एक विनंती

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी अनेक जण आज शहरांत राहतात. त्यांच्या सदनिकांमध्ये चांगले वायरिंग आहे, आरसीसीबी आहे. पण आईवडील गावी आहेत आणि गावच्या घराची बाहेरची तार बहुधा आपण वसतिगृहात असतानाचीच आहे. फोनवर आपण त्यांच्या प्रकृतीची चौकशी करतो. यंदा मे महिन्यात गावी जाल, तेव्हा एक सकाळ या तारेसाठी ठेवा. मेन स्विच बंद करा, परसात जा आणि वर सांगितलेले पाच प्रश्न विचारा. आपल्या घराची पाहणी झाली, की शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या घराचीही करा. जे स्वतः दुरुस्त करता येणार नाही, त्यासाठी परवानाधारक तारतंत्र्याला बोलवा. तो काम करीत असताना मेगरचे वाचन त्याच्याकडून मागून घ्या.

आणि घरातील कोणी “पत्र्याला मुंग्या येतात” असे म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. आमच्या घरी ते वाक्य आईने वेळेवर उच्चारले आणि मी ते वेळेवर ऐकले. त्याआधी दिवाळीत तिने तारेकडे बोट दाखविले होते, तेव्हा मात्र मी नीट पाहिले नव्हते. तिची शेळी गेली, यावर ते निभावले. प्रत्येक घरी तेवढ्यावर निभावेलच, असे नाही.